साथीला बसताना

नागपुरात धंतोलीतल्या एका जुन्या घरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गाण्याची बैठक होते. मी तिथे पेटीची साथ करते. ही बैठक माझ्या पिढीपेक्षा जुनी. काकाजींच्या वडिलांनी ती सुरू केली, आता काकाजी चालवतात आणि निमंत्रणाचं काम त्यांची सून बघते. व्यासपीठ नाही, माईक नाही. दिवाणखान्यात सतरंजी, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी चादर, आणि कलाकारापासून दोन हातांवर श्रोत्यांची पहिली ओळ. पन्नासेक माणसं मावतात. उशिरा येणारे व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसतात.

माझ्याकडे पेटी शिकणारी मुलं हल्ली वारंवार विचारतात, "ताई, साथीला बसायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" परीक्षांसाठी त्यांनी राग केलेले असतात, ताल लिहिलेले असतात, एकल वादन हातात बसलेलं असतं. पण समोर गाणारं माणूस आलं की बोटं कुठे ठेवायची ते कळत नाही. मीही याच वाटेनं गेले आहे. म्हणून मला हे कसं येत गेलं ते लिहिते आहे.

माझे गुरुजी या बैठकीचे जुने पेटीवादक. त्यांच्याकडे शिकायला लागून बराच काळ लोटला होता, तेव्हा एकदा ते म्हणाले, "रविवारी ये. तंबोऱ्यावर बस." त्या रविवारी बसले, पुढच्या महिन्यात बसले, आणि मग काही वर्षं तंबोराच धरला. माझ्या शिक्षणातला हा सगळ्यात मोलाचा काळ होता असं मी आज छातीठोकपणे सांगते. पेटीवाला बाजूला बसतो, त्याला गायकाचा चेहरा आणि हात दिसतात. पाठ दिसते ती फक्त तंबोऱ्यावाल्याला. श्वास कुठे घेतला, किती घेतला, ते पाठीवरून कळतं. मोठी तान येणार असली की खांदे आधी किंचित उचलले जातात. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, धरायच्या आधी मान तबल्याकडे वळते. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे बाजूला बसूनही ते जाणवत राहतं.

तंबोरे लावायचं काम दुपारी चारला सुरू व्हायचं. गवसण्या काढायच्या, तारा फडक्यानं पुसायच्या. पहिली तार पंचमाची, पंचम वर्ज्य असेल तर मध्यमाची किंवा निषादाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणायची, मणी सरकवून नेमकी करायची. मग घोडीवर तारेखाली दोरा हळूहळू पुढेमागे करत जवारी, म्हणजे तारेचा भरदार घुमारा, उघडायची. दोरा जागेवर आला की तार एकदम बोलायला लागते, आणि खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. तार अख्खी हलते तशी ती पाच समान भागांतही हलत असते, आणि त्या हालचालीतून तो स्वयंभू गांधार निघतो. गुरुजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला डोळे मिटून बसायचे. गांधार आला की हात वर करायचे. तोवर मी दोरा सोडायचा नाही.

पेटीवाल्याची खरी अडचण या गांधारापाशीच सुरू होते. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तंबोऱ्यातला गांधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. बाजारातून आणलेल्या पेटीचा ४०० सेंटांवर. फरक चौदा सेंटांचा. मोठ्या सभागृहात लाउडस्पीकरच्या आवाजात तो बराचसा झाकला जातो. दिवाणखान्यात मात्र दोन तंबोरे हाताच्या अंतरावर घुमत असतात, गायिका यमनाचा गांधार अगदी आतून लावत असते, आणि त्याच वेळी पेटीचा गांधार वरून येऊन आदळतो. पहिल्या ओळीतल्या माणसाच्या कपाळावर तेव्हा उमटणारी आठी मी तंबोऱ्यावर बसून पुष्कळदा पाहिली आहे.

यावर उपाय आहे आणि तो कारागिराच्या हातात आहे. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. ती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. आमच्याकडच्या बहुतेक पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात आणि ते छान घासून घेता येतात. एक षड्ज पक्का ठरवायचा आणि बाकीचे सूर त्याला तंबोऱ्यावर जुळवून घ्यायचे. याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. पण अशी पेटी त्या एका पट्टीचीच, म्हणजे त्या एका षड्जाचीच होते, पट्टी बदलली की सगळंच बिघडतं. बैठकीला तर दर महिन्याला वेगळा गळा. म्हणून मी आता दोन पेट्या ठेवते. एक काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा षड्ज धरून, लावून घेतलेली, कारण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गायिका त्याच पट्टीत गातात. दुसरी स्केलचेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी, सर्वांसाठी. दुसरी वाजवताना गांधारावर मी कमी थांबते, आणि गायक तिथे न्यास करतो, म्हणजे थांबतो, तेव्हा भाता हलका करून आवाज जवळजवळ काढून घेते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींचा डावा हात बघून उमगलं.

गुरुजींच्या पिढीला पेटीबद्दल फार ऐकून घ्यावं लागलं. याच चौदा सेंटांवरून, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, येत नाही यावरून, ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती काही अटींवर उठली. नागपूर आकाशवाणी सुरू झाली १९४८ साली, म्हणजे या केंद्राची पहिली वीसहून अधिक वर्षं पेटीशिवायच गेली. गुरुजी सांगायचे, त्या दिवसांत पेटीवाल्याला बसायला घरगुती बैठकी, कीर्तनं आणि नाटकं एवढ्याच जागा होत्या. रेडिओवर ज्याचं गाणं सारंगीच्या साथीनं व्हायचं, तोच गायक त्याच आठवड्यात कुणाच्या दिवाणखान्यात गुरुजींच्या पेटीसोबत गायचा. पेटीची साथ एक कला म्हणून टिकली ती अशा खोल्यांमुळे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मूळचे नागपूरचे पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडून तिची संवादिनी केली आणि एकल वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ते नाव आमच्या घरात फार आदरानं घेतलं जायचं. पण गुरुजींचा जीव साथीत होता.

त्यांची शिकवण्याची रीत अशी. आधी बंदिश गळ्यावर, मग बोटांवर. "गाता आलं पाहिजे, बरं आलंच पाहिजे असं नाही," म्हणायचे. शब्द पाठ हवेत, कारण गायक कुठल्या अक्षरावर थांबेल आणि मुखडा कुठल्या मात्रेपासून उचलेल ते शब्दांवरून कळतं. त्यानंतर ते स्वतः आलापी करत आणि मला फक्त न्यासाचा सूर वाजवायला लावत. मधलं काहीही नाही. ते जिथे थांबले तिथे मी पोचायचं, तेही त्यांच्या आवाजाच्या खाली. असं महिनोन्‌महिने. मग छोटे स्वरसमूह, ते म्हणून झाल्यावर मागून हलकेच, अख्खे नव्हे, त्यांचं शेपूट तेवढं. तानांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. गायकाची तान सुरू असताना मागोमाग धावायचं, की षड्ज धरून थांबायचं आणि तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की पकडायचं, यावर त्यांचं ठाम मत होतं: खोली लहान असेल तर थांबायचं. धावलेलं ऐकायला चमकदार वाटतं, पण दोन हातांवरच्या श्रोत्याला गायकाची तान स्वच्छ ऐकू येत नाही. आजही साथीदारांत या मुद्द्यावर मतभेद आहेत. मी गुरुजींच्या बाजूची आहे.

आणि भरणा. गायक श्वास घेतो, पाणी पितो, पुढचा विचार करतो, तेव्हाची जागा पेटीनं भरायची. किती भरायची? अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असू शकतं, त्यात गायक दहा सेकंद गप्प राहिला तर ती शांतता त्यानं मुद्दाम ठेवलेली असते का? गुरुजी म्हणत, आधी त्याच्या तोंडाकडे बघ. डोळे उघडे असतील आणि तुझ्याकडे वळले असतील तर भर. डोळे मिटलेले असतील तर हात लावू नको, तो गातोच आहे.

पुढे गुरुजींची बोटं सांध्यांच्या दुखण्यानं आखडत गेली. एका पावसाळ्यातल्या बैठकीच्या आधी त्यांनी काकाजींना फोन करून माझं नाव सांगितलं. गावातल्याच एक ज्येष्ठ गायिका होत्या. त्यांनी मला दुपारी घरी बोलावलं, पोहे खायला घातले आणि अर्धा तास नुसतं गाऊन घेतलं. संध्याकाळी गुरुजी पहिल्या ओळीत बसले होते. बैठक संपल्यावर एवढंच म्हणाले, "भाता छान होता." मला तेवढं पुष्कळ झालं.

आता काम कसं चालतं ते सांगते, कारण मुलांना खरं तेच हवं असतं.

निमंत्रण गेलं की पंधरवडाभर आधी मी कलाकाराला स्वतः फोन करते. संयोजकांकडून निरोप येण्याची वाट पाहत नाही. पट्टी विचारते. 'काळी चार' असं उत्तर आलं तरी 'अगदी काळी चार, की थोडी चढी?' हेही विचारते, कारण काही जणी दोन पट्ट्यांच्या मधे गातात आणि मग कुठली पेटी न्यायची हे ठरवावं लागतं. घराणं माहीत असतं, पण गुरू कोण हे विचारून घेते. त्यावरून लयीचा आणि रागाच्या चालीचा अंदाज येतो. राग कुठला हे बहुतेक जण ठरवून सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. "बघू, त्या दिवशी काय वाटतं ते." म्हणून मी वेळेचे राग मनात घोळवून ठेवते. आमची बैठक संध्याकाळी सहाला सुरू होते, तेव्हा मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री, यमन हे डोक्यात हवेतच. हिवाळ्यात कधी रात्रीची बैठक असते, तेव्हा बागेश्री, दरबारी, मालकंस.

बाहेरगावचे कलाकार सकाळी येतात. मुंबईचे बहुधा विदर्भ एक्सप्रेसनं. उतरवून घ्यायला काकाजींचा मुलगा जातो. माझी अट एकच असते: दुपारी अर्धा तास एकत्र बसायला मिळालं पाहिजे. रंगीत तालीम मला नको आहे. समोरच्याचा गळा रिकाम्या खोलीत कसा लागतो, मंद्रात किती खाली जातात, तार षड्जावर आवाज उघडतो की आवळतो, इतकं कळलं की पुरे. काही मोठ्या कलाकारांना याची गरज वाटत नाही. तरी मी आग्रह धरते, आणि आजवर बसल्यानंतर कुणी कुरकूर केलेली नाही.

उन्हाळ्याचं मात्र वेगळंच प्रकरण. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घराघरांत कूलर लागलेले असतात. कूलर म्हणजे ओली हवा आणि आवाज, दोन्ही. बाहेरच्या कोरड्या उष्णतेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणली जाऊन सूर चढतो; तोच तबला कूलरसमोर ठेवला की पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. आमचे तबलजी भाऊ म्हणूनच एका गायिकेच्या बैठकीला मोठ्या तोंडाचे दोन तबले आणतात आणि दोन्ही दुपारपासून त्याच खोलीत उघडे ठेवतात, म्हणजे त्यांना त्या हवेची सवय होते. तंबोऱ्यांच्या तारा उन्हात सैल पडतात, त्या दर अर्ध्या तासानं बघाव्या लागतात. श्रोते यायच्या आधी खोली भरपूर गार करून घ्यायची आणि पहिला षड्ज लागायच्या आधी कूलर बंद, हा काकाजींचा शिरस्ता. दरवेळी ते मला विचारतात, "ताई, करू का जी बंद?" आणि मी म्हणते, "थांबा थोडं, लोक येऊनच राहिले आहेत." मग सगळे बसले की बटण बंद होतं. पंख्याची पाती थांबायला काही क्षण जातात आणि तंबोरे एकदम मोठे झाल्यासारखे वाटतात. नंतरचे दोन तास माणसं घामानं निथळत ऐकतात. कुणी उठत नाही. आमच्या श्रोत्यांचं मी आणखी काय कौतुक करू!

अशाच एका उन्हाळ्यात मुंबईच्या एक गायिका मारवा गायल्या. ती बैठक थोडी तपशिलात सांगते, कारण पेटीच्या साथीतलं सगळं अवघड त्यात होतं.

मारव्यात षड्ज असतो, पण तिथे विसावा नसतो. सगळा जोर कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावर, पंचम तर नाहीच. तंबोऱ्याची पहिली तार आम्ही धैवतावर घेतली होती. अशा रागात पेटीवाला सवयीनं मधून मधून षड्ज धरून बसला, तर गायकानं ताणून धरलेलं सगळं तिथेच सैल पडतं. बाईंनी पहिली काही मिनिटं मंद्र धैवत, निषाद आणि ऋषभ एवढ्यातच काढली. षड्जाला नुसता स्पर्श, तोही वरून उतरताना. मी पेटीवर धैवत इतका हळू ठेवला की मलाही तो तंबोऱ्यातून येतो की पेटीतून ते कळेना. ऋषभ मी वाजवलाच नाही. त्यांचा ऋषभ पेटीच्या ऋषभापेक्षा खाली होता, आणि त्याच्या बाजूला माझा सूर ठेवला असता तर दोन्ही उघडे पडले असते. त्या ऋषभावर आल्या की मी बोटं उचलायची, धैवतावर उतरल्या की ठेवायची. बराच वेळ असं चाललं. मग त्यांनी अर्धवट डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खेपेला ऋषभावर दुपटीनं लांब थांबल्या. तिथे पेटी येणार नाही याची त्यांना आता खात्री होती. विलंबिताचं शेवटचं अंग सुरू झालं, बंदिशीच्या शब्दांच्या बोल-ताना सुरू झाल्या, तबला जोरात आला, तेव्हा मी पूर्ण हातानं वाजवलं. आणि तार षड्ज जेव्हा सरळ, उघडा लागला, तेव्हा पेटीनं आणि दोन्ही तंबोऱ्यांनी मिळून तो धरला. भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा, दर बैठकीला तिथेच बसतात, मोठ्यानं "अहाहा!" म्हणाले.

नंतर जेवताना बाईंनी मला विचारलं, "तुम्ही गाता का?" मी म्हटलं, "शिकताना गायले, आता मुलांना शिकवण्यापुरतं." त्या म्हणाल्या, "तरीच." जेवण काकूंच्या हातचं होतं, उन्हाळ्यातला नेहमीचा वडाभात, फोडणीच्या तेलासकट. कलाकार, साथीदार, श्रोते सगळे एका पंगतीला. बैठकीचं निम्मं बोलणं त्या पंगतीत होतं. दरबारीचा गांधार परवा कुणी कसा लावला, एखादी बंदिश मूळ झुमरा तालात होती की तिलवाड्यात, यावर तासतास. ऐकणारे बँकेतून, महाविद्यालयांतून, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या कानात वसंतराव देशपांडे आहेत. वसंतराव याच शहरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज त्यांच्या नावानं उभं आहे. उल्हास कशाळकर नागपूर विद्यापीठात संगीत शिकले, त्यांना राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांनी इथेच तालीम दिली, मग ते पुढे कोलकात्यापर्यंत गेले. असे गळे इथे घडतात आणि मोठ्या शहरांकडे जातात. ते स्वाभाविक आहे, त्यांनी जायलाच हवं. पण महिन्याच्या महिन्याला बैठक व्हायची तर इथे राहिलेले तबलजी, पेटीवाले, तंबोऱ्यावर बसणारी मुलं लागतात, आणि त्यांच्याकडे पाहुण्या कलाकाराइतकंच लक्ष दिलं गेलं पाहिजे, हे मी संयोजकांना नेहमी सांगते. निमंत्रणावर साथीदारांची नावं त्याच आकाराच्या अक्षरांत असावीत, मानधनाचं पाकीट त्याच वेळी, त्याच हातानं दिलं जावं. आमच्या बैठकीत दोन्ही होतं. शहरातल्या एका मोठ्या कार्यक्रमात आमचं नाव निवेदकानं घेतलंच नाही, तेव्हा तबलजी भाऊ परतताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी झपतालात काय सुरेख ठेका धरला होता!

भाऊंबद्दल लिहायलाच हवं. पेटी आणि तबला यांचं नातं श्रोत्यांच्या फारसं लक्षात येत नाही. विलंबितात गायक आलापीत गुंतलेला असतो तेव्हा समेची जबाबदारी आम्हा दोघांवर असते. भाऊ ठेक्यात काहीही भरत नाहीत, अगदी सरळ वाजवतात, पण अकराव्या मात्रेला त्यांचा डग्गा किंचित गोल होतो आणि मला कळतं की आता मुखडा येईल. लेहरा धरायचा असला, म्हणजे भाऊंचं एकल वादन असलं, तर भूमिका उलटतात: मी तासभर एकच ओळ वाजवते, एका सुराचाही फरक न करता, आणि ते तिच्यावर खेळतात. लेहऱ्याला कंटाळवाणं काम समजणारे पेटीवाले आहेत. मला तो ध्यानासारखा वाटतो. लय डळमळली तर तबलजीचं अख्खं गणित कोसळतं, इतका त्या एका ओळीवर भार असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि बैठक थांबली. काकाजींच्या सुनेनं मोबाइलवरून बैठक करायचा प्रयत्न केला. गायक त्यांच्या घरी, मी माझ्या घरी, भाऊ त्यांच्या. जमण्यासारखं नव्हतंच. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. फोनवरून आवाज पोचायला तेवढाच उशीर झाला की भाऊंची सम माझ्याकडे दुसऱ्या मात्रेला यायची. मग आम्ही साथ सोडून दिली आणि दर रविवारी एकेकानं एकट्यानं वाजवायचं ठरवलं. भिंतीला टेकणारे आजोबा त्यालाही वेळेवर हजर असायचे, फोन डोळ्यांच्या फार जवळ धरून. पुढे पुन्हा दिवाणखान्यात गाणं सुरू झालं तेव्हा माणसं कमी बोलावली होती, खिडक्या सताड उघड्या, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांचा आवाज आत येत होता. धंतोलीत आता दवाखानेच दवाखाने झाले आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही, आजूबाजूची बंगलेवजा घरं पाडून इमारती उभ्या राहिल्या. काकाजींनाही विचारणारे येतात. ते सध्या तरी नाही म्हणतात. मला या घराची काळजी वाटते, कारण असं छत, अशा जाड भिंती आणि असा घुमारा असलेली खोली पुन्हा मिळणं कठीण. तरी उद्या जागा बदलावी लागली तर बैठक दुसऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात न्यावी आणि माईक मात्र आणू नये, असं मी काकाजींना सांगून ठेवलं आहे. भाऊंचंही तेच मत आहे.

गेल्या हिवाळ्यापासून बैठकीचा पहिला अर्धा तास आम्ही गावातल्या तरुण कलाकारांना देतो. त्यांना तिथे गाताना ऐकणं फार शिकवणारं असतं. माईकची सवय असलेला गळा पहिली पाच मिनिटं बिचकतो, आवाज फेकायला लागतो. मग श्रोते किती जवळ आहेत ते लक्षात येतं आणि आवाज आपोआप खाली येतो, सूर गोल होतो. काहींच्या बाबतीत हे त्याच अर्ध्या तासात घडतं. काहींना पुन्हा बोलवावं लागतं, आणि आम्ही बोलावतो.

माझी एक विद्यार्थिनी आता तंबोऱ्यावर बसते. महाविद्यालयात शिकते, पेटी उत्तम वाजवते, आणि पेटीवर कधी बसवणार हे विचारायचं तिनं हल्ली थांबवलं आहे. परवा बैठकीनंतर गवसण्या चढवताना ती म्हणाली, "ताई, आज सर तान घ्यायच्या आधी डावा खांदा खाली टाकत होते, उजवा नाही." मी ते पाहिलं नव्हतं, मी बाजूला होते. पुढच्या महिन्याचे गायक काळी एकमध्ये गातात, त्यामुळे स्केलचेंजर न्यावी लागेल. तिचा मध्य सप्तकातला एक सूर दमट हवेनं खरखरतो आहे, म्हणून ती कारागिराकडे दिली आहे, बुधवारी मिळेल. गुरुवारपासून रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे बोलावलं आहे. मी आलापी करणार, आणि तिनं फक्त न्यासाचा सूर वाजवायचा.